मी शेवंता न्हाई

नमस्कार मंडळी. गेली चार-पाच वर्षं मी इथले भुताखेताचे अनुभव नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर चहा पिता पिता गंमत म्हणून वाचायचो, आणि मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तर देऊन मोकळा व्हायचो. याची झोप झाली नसेल, हिला लहानपणी कुणीतरी घाबरवून ठेवलं असेल, त्याच्या माळ्यावर उंदीर असतील. माझा धंदाच तसा आहे. मी वायरिंगची कामं घेतो, नगरला राहतो (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). "भाई, आमच्याकडं लाईट आपोआप लागतो हो, काहीतरी बाधा आहे" अशी बोलावणी मला वर्षातून दोन-तीन तरी येतात. प्रत्येक वेळी कुठंतरी न्यूट्रलची वायर ढिली निघते नाहीतर स्विचमध्ये पाणी गेलेलं असतं. त्यामुळे भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. घरी अम्मीसुद्धा कुणाला ताईत बांधू द्यायची नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं वाचून कुणी मला भोळसट समजू नये. माझं नाव सलीम. बाकी माणसांची नावं बदलली आहेत. दोन नावं मात्र खरी ठेवलीत, आणि ती का ठेवली ते वाचल्यावर कळेल.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. श्रीगोंद्याच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात, मुख्य रस्त्यापासून आत एक जुनं वेड्यांचं इस्पितळ आहे. गावाचं नाव देत नाही. बंद पडून बरीच वर्षं झाली. इंग्रजांच्या काळातल्या दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, पुरुषांची एक चाळ, बायकांची एक चाळ, मध्ये मोठं अंगण आणि त्यात हातपंप. ती जागा आता नर्सिंग कॉलेजसाठी घेतलीय. दुरुस्ती सुरू करण्याआधी सगळी जुनी वायरिंग काढून टाकायची, भिंतीत कुठं काय पुरलंय त्याचा नकाशा द्यायचा, एवढं काम माझ्याकडं आलं. चार-पाच दिवसांचं काम, मी एकटाच जायचो.

तिथं राखणीला दगडूभाऊ होते. साठीच्या आसपासचे, बोलके. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळी यादी ऐकवली. बायकांच्या चाळीत दुपारचं कुणीतरी गुणगुणतं. हातपंप आपोआप हलतो. शॉकच्या खोलीत पाऊल टाकलं की अंगावरचे केस उभे राहतात.

मी हसलो. "भाऊ, ती गुणगुण मला दाखवाच."

दाखवली त्यांनी. खरंच बारीक आवाज येत होता. मी शिडी लावली आणि वरच्या जुन्या लोखंडी पाइपाचं तोंड बोटानं बंद केलं. आवाज बंद. बोट काढलं, आवाज सुरू. वारा शिरत होता, दुसरं काय! दगडूभाऊ जरा हिरमुसले. मला मात्र मजा वाटली.

शॉकची, म्हणजे रुग्णांना विजेचे झटके द्यायची खोली बायकांच्या चाळीच्या टोकाला होती. दहा बाय बाराची असेल. मशीन केव्हाच कुणीतरी नेलेलं, भिंतीवर फक्त पंधरा अँपियरचा जुना काळा सॉकेट आणि जमिनीत चार ठिकाणी पलंग बोल्टनं घट्ट केल्याच्या खुणा. पलंग जमिनीला कशाला बोल्ट करायचा, असा प्रश्न मला पडला आणि उत्तरही लगेच कळलं: झटक्यात हलू नये म्हणून. थोडं वाईट वाटलं. माझ्या मावसभावाला पुण्यात असे शॉक दिले होते, पण भूल देऊन, नीट, आणि तो त्यानं बरा झाला. आज दुकान चालवतो. त्यामुळे शॉक म्हटलं की मी दचकत नाही. पण ते बोल्ट बघून दचकलो.

खोलीच्या बाहेर व्हरांड्यात भिंतीला लागून एक लांब सिमेंटचा कट्टा होता. आठ-दहा जणी बसतील एवढा. सावलीचा, थंड.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, त्या खोलीतलं काम संपवलं. पोलावरून येणारी लाईन वर्षानुवर्षं तोडलेलीच होती, तरी सवयीनं मी मीटर लावून बघितला होता. शून्य. हे मुद्दाम लिहितोय, कारण सगळ्यात आधी मला हेच विचारतात — भाई, तुला शॉक तर नाही ना बसला? नाही. तिथं बसण्यासारखा करंट नव्हताच.

दीड वाजता हातपंपावर हात धुतले, कट्ट्यावर बसलो, डबा उघडला. नसरीननं — माझ्या बायकोनं — शेपूची भाजी आणि भाकरी दिली होती. पहिला घास मोडला. इथपर्यंत मला सगळं लख्ख आठवतंय.

त्यानंतर दगडूभाऊ माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवत होते. ऊन अंगणातून सरकून पार कट्ट्यापाशी आलं होतं. तो मोडलेला घास माझ्या हातातच होता, वाळलेला.

"भाई! ओ भाई! नाव काय तुमचं? नाव सांगा!"

आणि मला नाव सांगता येईना.

हे कसं सांगू... एखादं नाव जिभेवर असतं, येता येत नाही, तसं ते नव्हतं. जिथं नाव असतं ती जागाच रिकामी होती. समोर एक म्हातारा माणूस आहे, तो घाबरलाय, हे कळत होतं. माझे हात दिसत होते, पण ते कुणाचे ते माहीत नव्हतं. खिशात काहीतरी थरथरायला लागलं. दगडूभाऊंनीच मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक बाई आणि दोन मुली हसत होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. चांगली माणसं दिसतात, एवढंच वाटलं.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग एकदम, नळाला पाणी यावं तसं सगळं परत आलं. सलीम. नसरीन. आलिया, सना. नगर. मी तिथंच रडायला लागलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, लहान पोरासारखा.

मोबाईलमध्ये चार वाजून गेले होते. नसरीनचे सात मिस्ड कॉल.

दगडूभाऊंनी पाणी दिलं. ते म्हणाले, "म्या पावनेचारला च्या घिऊन आलो तर तुमी सरळ ताठ बसलेले. म्हनलं, जेवला का भाई? तर तुमी माझ्याकडं बघून बोलाय लागले. म्या म्हनलं, काय? तर पुन्यांदा त्येच. तीन बारी बोललात."

"काय बोललो?"

त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं. आवाज माझाच होता म्हणाले, पण बोलणं बाईमाणसाचं. घाईघाईचं, हळू, शेजारच्याला सांगावं तसं:

"म्या यमुना. मिरजगावच्या म्होरं, वढ्याच्या पल्याड, खडकाची वस्ती. दारात दोन बाभळी. माझी चिमी हाय घरी. ध्यानात ठिव बया. म्या भायेर आली की मला सांग."

मिरजगाव मला माहीत आहे. सोलापूर रोडवर आहे, शंभर वेळा तिथून गेलो असेन. पण खडकाची वस्ती? ओढा? कधी नाव ऐकलं नव्हतं. दगडूभाऊंनीही नाही.

घरी आलो. नसरीननं दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडं नेलं. डोक्याचा स्कॅन, आणखी काय काय तपासण्या... सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, उन्हात काम करताना, ताणामुळे, कधी कधी काही तासांपुरती अशी स्मृती जाते. पुन्हा होईलच असं नाही. माझं समाधान झालं. मी त्यांना विचारलं, "आणि बोललो ते?" त्यावर ते म्हणाले, "मेंदू काहीही जोडतो हो. कुठंतरी ऐकलं असेल."

असेल, म्हटलं. ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं, हेही ठरवलं. पण रविवारी दगडूभाऊंचा फोन आला.

"भाई, तुमी एकदा या. इस्पितळात न्हाई, आमच्या घरी. म्या तुमचं बोलनं आईला सांगितलं तवापासून ती भाकर खाईना. म्हनती, त्या मानसाला आना."

दगडूभाऊंची आई तान्हाबाई त्या इस्पितळात आया होती, हे मला तेव्हा कळलं. ऐंशीच्या पुढची बाई, पाठीतून वाकलेली, पण डोळे आणि कान शाबूत. मी समोर बसलो तशी म्हणाली, "बोल बरं बाबा. कसं बोललास तसंच बोल."

मी खिशातला कागद काढून वाचला. "म्या भायेर आली की मला सांग" यावर आलो आणि तिनं पदर तोंडावर घेतला. 

मग तिनं सांगितलं. मी ते जमेल तसं लिहितो.

मंगळवारी आणि शुक्रवारी शॉक असायचे. भूल नाही, सुई नाही. तोंडात चिंधीचा बोळा, दोघी हात धरायच्या, दोघी पाय. ज्यांची पाळी असेल त्या बायकांना सकाळपासून उपाशी त्या कट्ट्यावर ओळीनं बसवून ठेवायचं. आतला आवाज बाहेर ऐकू यायचा. आणि बाहेर आलेली बाई काही वेळ सगळं विसरलेली असायची. नाव, गाव, पोरं. कुणाला तासात आठवायचं, कुणाला दोन दिवस लागायचे. म्हणून त्या बायकांनी आपापसात एक रीत पाडली होती. आत जाणारी बाई शेजारणीच्या कानात आपलं नाव-गाव सांगून जायची. बाहेर आली की शेजारीण तिला ते परत सांगायची.

"नाव राखाया द्यायच्या एकमेकींपाशी," तान्हाबाई म्हणाली. "आमाला ठावं हुतं. आमी वरडत न्हवतो. तेवढंच एक पुन्य केलं म्या तितं."

"आणि यमुना?"

"यमुना कुनी न्हवतीच बाबा. पेपरावं शेवंता हुती." तिनं डोळे पुसले. "बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली दोन बाप्यांनी आनली. एक नवरा, एक दीर. बाळ मेलेलं निपजलं हुतं तिचं, तवापासून बोलत न्हवती, चुलीवर काय ठिवलं ध्यानात ऱ्हात न्हवतं, भायेर फिरायची. त्यांनी नाव लिवलं शेवंता, गाव लिवलं नेवाशाकडलं कुठलं तरी. आन गेले."

दुसऱ्या दिवशी ती बाई डॉक्टरशी बोलायला लागली. पहिलं वाक्य बोलली ते, "मी शेवंता न्हाई."

 डॉक्टर आला की ती सांगायची, मी शेवंता न्हाई. डॉक्टर कागदावर लिहायचा, स्वतःची ओळख पटत नाही. पुढच्या मंगळवारी शॉक. पुन्हा विचारायचे, नाव काय? मी शेवंता न्हाई. शुक्रवारी शॉक. खरं नाव ती डॉक्टरला सांगायची नाही, तेही खोडून टाकतील या भीतीनं; ते कट्ट्यावरच्या चंद्रा नावाच्या बाईपाशी राखायला असायचं. चंद्रा तिला प्रत्येक वेळी सगळं परत सांगायची. म्हणून यमुना टिकली. कितीतरी महिने टिकली. मग चंद्रा तापानं गेली.

"त्याच्या म्होरल्या शुक्रवारी भायेर आली आन कट्ट्यावं बसली. हिच्याकडं बघती, तिच्याकडं बघती. कुनी कायच सांगंना. कुनाला ठावं असंल? मला बी ठावं न्हवतं, चंद्रीला कानात सांगायची ती. चार दिवसांनी डॉक्टरनं इचारलं, नाव काय? तर म्हनली, शेवंता. डॉक्टर म्हनला, सुधारली."

सुधारली म्हणून घरी पत्र गेलं. त्या पत्त्यावर असं कुणी राहत नाही म्हणून परत आलं. दुसरं गेलं, तेही परत आलं. बाई तिथंच राहिली. झाडलोट करायची, भाज्या निवडायची. एकदा तिनं तान्हाबाईला विचारलं होतं, "बाई, माझं आनखी कायतरी हुतं का?" शेवटी इस्पितळातच गेली. मागं शेताच्या बांधाला पुरलं. कुणी न्यायला आलं नाही अशी सगळी तिथंच आहेत.

मी तान्हाबाईला एकच विचारलं. "तुम्हाला तिचं खरं नाव माहीत नव्हतं, मग मी सांगितलेली यमुना तीच कशावरून?"

"दोन बाभळी," ती म्हणाली. "सगळं इसरली तरी तेवढं ऱ्हायलं हुतं तिचं. कुटं बी बसली की मातीत बोटानं दोन झाडं काढायची. काट्यांची."

मी मिरजगावला गेलो. नसरीन सोबत आली; मला एकट्याला गाडी चालवू द्यायला ती तयार नव्हती. रस्त्यात ती एकदाच बोलली. "तिथं तशी वस्ती नसली तर हा विषय कायमचा बंद. आणि असली तर?"  वस्ती नसावी अशीच माझी इच्छा होती.

मिरजगावच्या पुढं एका टपरीवर विचारलं. टपरीवाल्यानं हात लांब करून दाखवलं, "ह्यो वढा वलांडला की खडकाचीच वस्ती."

ओढ्यापलीकडं पाच-सहा घरं. स्लॅबची, रंग दिलेली. बाभळी एकही नव्हती. शेवटच्या घरापुढं एक बाई शेंगा फोडत बसली होती, साठीला टेकलेली, डोळ्यांवर चष्मा. मी म्हटलं, "ताई, इथं पूर्वी कुणाच्या दारात दोन बाभळी होत्या का?"

"आमच्याच. रोड झाला तवा तोडल्या. का?"

मी विचारलं, "इथं चिमी नावाचं कुणी..."

शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "माझं नाव सिंधू हाय," ती सावकाश म्हणाली. "चिमी मला एकच मानूस म्हनायचं. तुमी कोन?"

 नसरीनच पुढं झाली, तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि जेवढं माहीत होतं तेवढं सांगत गेली. मी मध्ये मध्ये भर घालत होतो. सिंधूताई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काहीच हालत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "आमची आय पळून गेली, असं सांगितलं मला. परक्या गड्यासंगं. म्या चार वर्सांची हुते. साऱ्या वस्तीनं त्येच सांगितलं. माझं लगीन दोनदा मोडलं त्यावरनं. सासूनं मरंपर्यंत मला उंबऱ्याभायेर एकटं जाऊ दिलं न्हाई... आईवर गेली तर, म्हनायची."

मग त्या उठल्या आणि घरात गेल्या. दार उघडं होतं. आत खाटेवर एक म्हातारा पडला होता. नव्वदीच्या घरातला, हाडांचा सापळा. त्यांचे वडील. नवरा वारल्यापासून त्या माहेरीच राहून वडिलांचं करत होत्या.

"दादा," त्यांनी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "यमुनाला कुटं सोडलं हुतं तुमी?"

म्हातारा छताकडं बघत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. "दादा. माझी आय. कुटं सोडली?"

"थोरल्या भावानं सांगितलं," म्हातारा म्हणाला. आवाज अगदी बारीक. "दुसरं लगीन हुनार न्हाई म्हनला ही घरात असंल तर. म्हनून नाव दुसरं लिवलं. न्हाईतर इस्पितळवाल्यांनी परत धाडली असती." मग त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. "दारातनं वळलो तवा इतक्या दिसांनी तोंड उघडलं तिनं, माझं नाव घिऊन वरडत हुती. यडी न्हवती तवा. चांगलं नाव घिऊन वरडत हुती."

सिंधूताई बाहेर आल्या. शेंगांचं टोपलं उचलून आत ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मला तितं न्या."

तिथल्या भेटीबद्दल थोडंच लिहितो, कारण ते त्यांचं आहे. तान्हाबाई काठी टेकत बांधापर्यंत आली, कडुलिंबाच्या अलीकडची जागा दाखवली. तिथं काहीच नव्हतं, गवत होतं. सिंधूताई गवतावर हात ठेवून बसल्या आणि मोठ्यानं, शाळेत हजेरीला सांगतात तसं आईचं नाव, वस्तीचं नाव आणि स्वतःचं नाव सांगितलं. दोनदा. मग तान्हाबाई वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेली.

"तुमी धरले हुते का तिचे पाय?" सिंधूताईंनी विचारलं.

"व्हय, बाई."

"मग माझे नका धरू."

तान्हाबाईनं हात मागं घेतला. दोघी बऱ्याच अंतरावर बसून राहिल्या, पण उठून कुणी गेली नाही.

म्हणून यमुना आणि चंद्रा ही दोन नावं मी बदललेली नाहीत. कुणी विचारलंच तर सांगता यावीत.

आता तुमचे प्रश्न मला माहीत आहेत, कारण पूर्वी ते मीच विचारायचो. दगडूभाऊंनी आधी काही सांगितलं असेल का? त्यांना नाव, वस्ती काहीच माहीत नव्हतं. तान्हाबाईलाही नव्हतं. कागदावर नेवासा होतं. शेवंता म्हणजेच यमुना, हे जिला माहीत होतं ती चंद्रा मेली, जिचं नाव होतं ती विसरून मेली, आणि राहिले ते दोघे भाऊ, ज्यांनी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नाही. मग त्या बुधवारी माझ्या तोंडात ते कुठून आलं? मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. वायरिंगमध्ये असं कधी होत नाही. कुठंतरी जोड सापडतोच.

ते काम मी सोडलं. तसा त्रास पुन्हा झालेला नाही. फक्त सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधी मी मनात माझं नाव म्हणून बघतो.

पण एक गोष्ट राहिली, आणि खरं तर तिच्यामुळंच आज लिहायला बसलो.

सिंधूताई मला फोन करतात. पंधरा दिवसांनी, महिन्यानं. तब्येत विचारतात, मुलींचं विचारतात, वडील वारल्याचंही त्यांनीच कळवलं. आणि ठेवताना दर वेळी जरा थांबून विचारतात, "भाऊ, आनखी काय आठवलं का तिचं?" त्यांच्याकडं आईचा फोटो नाही. चेहरा आठवत नाही. तान्हाबाईला त्या काही विचारत नाहीत, त्यामुळे आईबद्दल काही सांगू शकेल असा जगात मीच एक, असं त्यांच्या मनानं घेतलंय. मी दर वेळी नाही म्हणतो, आणि पलीकडून "असूं द्या" येतं. ते "असूं द्या" ऐकवत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्यानं राहवलं नाही. मी खोटं बोललो. म्हटलं काहीतरी साधं सांगू, कुठलीही आई करेल असं. म्हणालो, "ताई, एवढंच आठवतं, तुम्हाला झोप यायची नाही तेव्हा त्या तुमच्या पायाला तेल चोळायच्या. डाव्या पायाला."

डाव्या का म्हणालो, मला माहीत नाही. तोंडात आलं, बोलून गेलो.

 मग त्या म्हणाल्या, "चुलीतल्या इस्तवावर पाय पडला हुता माझा, तीन वर्सांची असताना. डावा. तळव्याची कातडी अजून वडती. पर भाऊ, ते तर म्या कुनालाच... तुमी कसं वळखलं?"

 त्या रडत होत्या, पण आवाजात पहिल्यांदाच काहीतरी मोकळं झालं होतं. मी खोटं बोललो होतो हे सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण ते खोटं होतं का, हेच आता मला सांगता येत नाही.